फळीवरची चाल

माळेवस्ती, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टीस,
कडूआत्याचे आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, मनापासून आहेत असं समजू नकोस.

तीन दिवसांत तू अकरा फोन केलेस. मी एकही उचलला नाही आणि उचलणारही नाही. फोनवर मला राग आला की रडू येतं आणि पलीकडच्याला वाटतं म्हातारी विरघळली. कागदावर तसं होत नाही. कारखान्यावर ऊसतोडीला होते तेव्हा सातवी पास म्हणून बाराही कोप्यांची, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांची, पत्रं मीच लिहायची. बायका रडत-ओरडत भांडण सांगायच्या, मी ते कागदावर नीट बसवायची. आज माझं स्वतःचं बसवते.

फेब्रुवारीत तू ऑफिसची दोन माणसं आणि कॅमेरा घेऊन आलीस. म्हणालीस, जपानी सिनेमा आहे, त्यात ऊस भरायचा प्रसंग आहे, तू डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर कशी चढायचीस ते दाखव. आपल्या कोरड्या माळावर ऊस कुठला, कडब्याचे दिवस होते. तुझ्या बापानं, म्हणजे माझ्या भावानं, भागवतनं, टेम्पोला फळी लावून दिली आणि मी कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन चढले. एकदा नाही, सतरा वेळा. एकसष्टाव्या वर्षी. तू एकदाही नीट सांगितलं नाहीस की या चढण्याचं पुढं काय होणार आहे. मी आपली नऊ महिने गावभर सांगत फिरले की मी सिनेमात आहे.

परवा तुमच्या ऑफिसनं त्या सिनेमाची जाहिरात सोडली आणि तू ती भागवतच्या मोबाईलवर धाडलीस. भागवतनं ती टीव्हीवर लावली. मी आख्ख्या गल्लीला बोलावणं केलं होतं. दोन पातेली चहा झाला. शेजारची लंकाबाई नातसुनेला घेऊन सगळ्यांत पुढं बसली. आणि टीव्हीवर आली कोण, तर निळ्या केसांची, बशीएवढ्या डोळ्यांची, अर्ध्या चड्डीतली पोरगी. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवर चढायला लागली. मग लंकाबाई म्हणाली की पोरगी कुनाची का आसंना, मान तर आपल्या कडूचीच हाय. घर हसून लोळलं. दुसऱ्या दिवशी दळणाला गेले तर गिरणीवाल्यानं विचारलं की मावशी, केस कधी रंगवले.

माझं तोंड कुठं गेलं, सृष्टी? मान ठेवलीस, खांदे ठेवलेस, कंबर ठेवलीस आणि तोंड तेवढं उडवलंस, कोंबडीची मुंडी उडवावी तसं. म्हातारीचं तोंड चालत नव्हतं तर म्हातारीला फळीवर चढवायचं नव्हतं.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.
कडूआत्या

*

पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सृष्टीचा शि. सा. नमस्कार. पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्यानं वाचलं आणि मलाही राग आला, तो तसाच लिहिते.

मी सांगितलं नाही म्हणतेस, तर ते खोटं आहे. पहिल्या दिवशी ओट्यावर बसून मी तुला सांगत होते की आधी खऱ्या माणसाची फिल्म घ्यायची आणि मग त्या फिल्मवरून एक एक चित्र हातानं काढायचं. तू मध्येच उठून मला थालीपीठ लावायला गेलीस. दुसऱ्या दिवशी परत सांगायला लागले तर म्हणालीस की तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव, मला कुठून चढायचं तेवढं सांग. मी दोनदा सांगून सोडून दिलं, ही चूक मात्र माझी.

आता कागदावर सांगते, इथून तू उठून जाऊ शकत नाहीस. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. जपानच्या दक्षिणेला एका बेटावर ऊस होतो, आमच्या सिनेमातली मुलगी तिथली, पंधरा वर्षांची. तो ट्रक, उसाचा फड, मागचा समुद्र, सगळं कॉम्प्युटरवर तयार केलं आहे. मुलगीही आधी कॉम्प्युटरवरच केली होती. तीन वेळा केली आणि सिनेमाच्या दिग्दर्शक बाईंनी तिन्ही वेळा परत पाठवली. त्या म्हणाल्या की मोळी थर्माकोलची वाटते, मुलीची मान रिकामी आहे. कॉम्प्युटर फळी किती वाकेल ते सांगतो, पण ओझं घेतलेलं माणूस श्वास कुठं रोखतं ते त्याला माहीत नसतं. तेव्हा आमच्या सुपरवायझरना, राहात्याच्या डॅनी सरांना, मी म्हटलं की माझ्या आत्याला माहीत आहे.

चौदा सेकंदांची चढण आहे. सेकंदाला बारा याप्रमाणे एकशे अडुसष्ट चित्रं झाली. ती सगळी मी काढली, चार महिने बसून. तुझा गळा गिळताना कुठं हलतो, सातव्या पावलाला तू डोळे का मिटतेस, हे मला पाठ आहे. कुणी तुझ्याकडं इतका वेळ बघितलं असेल असं मला वाटत नाही. आणि तू हिशोब कशाचा मागतेस, तर तोंडाचा. मुलगी पंधरा वर्षांची आहे, आत्या. तिला तुझं तोंड कसं लावू?

फोन उचल. नाहीतर नको उचलूस, मीही तुझीच भाची आहे.
तुझी,
सृष्टी

*

माळेवस्ती
२० नोव्हेंबर

चि. सृष्टीस,
आशीर्वाद. पत्र पोचलं. तोंडाचं जाऊ दे. पोर पंधराची असेल तर तोंड तिचंच पाहिजे, हे मला पटलं. पटायला नको होतं.

तुझ्या त्या कामाला आपल्याकडं गिरवणं म्हणतात. मास्तरानं पाटीवर अक्षर काढून द्यायचं आणि पोरांनी त्याच्यावरून पेन्सिल फिरवायची. वाईट काही नाही त्यात, मीही तशीच शिकले. चार महिने माझ्याकडं बघत बसलीस हे वाचून बरं वाटलं, म्हणून भागवतला शेतात पाठवलं आणि ती जाहिरात परत लावली. एकटीनं बघितली, वीसेक वेळा. आधी नुसती मानच बघितली. मान चांगली आहे. मग नजर खाली गेली आणि तिसऱ्या पावलाला कळलं की ही मी नाही.

माझा डावा पाय कुठं आहे?

तुला माझा पाय अधू आहे एवढंच माहीत आहे, म्हणून सगळं लिहिते. माझ्या आठव्या हंगामात फळी घसरली आणि मी मोळीसकट खाली आले. घोटा मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड वाकडं जुळलं. तेविसाव्या दिवशी मी परत फळीवर होते. सरळ पाऊल टाकलं की घोटा मुडपायचा आणि तोल जायचा. मग मी माझी मीच वाट काढली. डावं पाऊल आडवं टाकायचं, बाहेरच्या कडेवर. तिथं एक श्वास थांबायचं. कंबर डावीकडं सोडायची, भार मानेवरून उजव्या खांद्यावर घ्यायचा आणि मगच उजवं पाऊल उचलायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. या चालीवर मी पुढं चौदा हंगाम गाड्या भरल्या आणि एक मोळी खाली पडू दिली नाही. धडधाकट पायाच्या बायका पडल्या, मी नाही पडले.

आणि तुझी ती पोरगी दोन्ही पावलं सारखी टाकते, पंधरा ऑगस्टच्या कवायतीला निघाल्यासारखी. तिची कंबर कुठंच सुटत नाही. कॉम्प्युटरच्या पोरीची मान रिकामी होती म्हणतेस, तर तुझ्या पोरीचे पाय रिकामे आहेत. तोंड काढलंस ते मी सोडून दिलं. हे सोडणार नाही. देवानं दिलेलं तोंड कुणालाही असतं, ही चाल मी केलेली आहे.

एकच विचारते. तो पाय सरळ कुणी केला, कॉम्प्युटरनं की तू? दुसरं काही लिहू नकोस, तब्येत विचारू नकोस.
कडूआत्या

*

पुणे
२५ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

मी केला.

कॉम्प्युटरवर केला, पण हात माझा होता. मुलगी अर्ध्या चड्डीत आहे, तिचे पाय गुडघ्यापासून दिसतात. तुझ्या फिल्ममध्ये तुझे पाय दिसतच नाहीत. एरवी शेतात लुगडं खोचून वावरणारी तू, त्या दिवशी ते टाचेखाली सोडून चढलीस. सतराही वेळा. मग मला पाय मनानं काढावे लागले आणि मी सरळ काढले. तशा पायांवर तुझी कंबर बसेना. डॅनी सर म्हणाले की कंबर एका बाजूला लचकते आहे, ती साफ कर. मी ब्रही काढला नाही. एक एक चित्र धरून कंबर उचलली. एकशे अडुसष्ट वेळा.

आता माझा राग ऐक. सातव्या वर्षी मी अंगणात तुझ्यासारखं चालून दाखवलं होतं, आठवतं का? तू ओट्यावरून उतरून माझ्या थोबाडीत दिलीस. बाबा शेजारी उभे होते, ते तुला काही बोलले नाहीत, मला म्हणाले की परत आसं करू नको. लग्नाकार्यात तू पंगतीच्या तासभर आधी जाऊन बसतेस, कुणी चालताना बघू नये म्हणून. फोटो काढायचा म्हटलं की खुर्चीमागं जाऊन उभी राहतेस. वीस वर्षं मी हेच शिकले की त्या पायाकडं बघायचं नाही. आणि आता तू मला विचारतेस की पाय कुठं आहे.

मला काय वाटलं ते सांगते, हसायचं तर हस. मला वाटलं की तू टीव्हीवर स्वतःला सरळ चालताना बघशील आणि तुला आनंद होईल. मी तुला भेट देत होते.

तुझी,
सृष्टी

*

माळेवस्ती
२९ नोव्हेंबर

चि. सृष्टी,
भागवतचे आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय न्हाई, चुकलं तर सांभाळून घे.

तुझं पत्र ताईनं मला वाचून दाखवलं न्हाई. पन वाचताना तिचं तोंड बघितलं. काल गिरणीवाला परत निळ्या केसांवरून बोलला तर त्याच्या दारात दळन उपडं करून माघारी आली. मला म्हनली, भाकरीला पीठ न्हाई, भात खा.

मी तुमा दोघींवर चिडून लिहायला बसलो हुतो. लिहिता लिहिता माझ्यावरच राग आला. त्या हंगामात ताई पडली ती फळी मी लावली हुती. खाली उसाचं ओलं पाचट हुतं, मी नीट बघितलं न्हाई. तिला नगरच्या दवाखान्यात न्यायला पायजे हुतं. टोळीचा मुकादम म्हनला हाडवैद्य हाय की इथंच, आनि मी व्हय म्हनलो. ताईनं मला आजवर एका शब्दानं बोल लावला न्हाई. मी पन तिच्या पायाकडं कधी बघितलं न्हाई, आनि तुला बी बघू दिलं न्हाई. आमी त्याला तिचा मान राखनं म्हनत हुतो. ती आमच्या म्होरं चालत हुती आनि आमी दुसरीकडं बघत हुतो.

तुझ्या पत्रानं तिला लागलं हाय. पन चुकीचं काय लिहिलंस तेबी मला सांगता येत न्हाई. तूच काय ते बघ. तब्येतीला जप.
तुझा बाप,
भागवत

*

पुणे
५ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. माझ्या मागच्या पत्रातलं थोबाडीत दिल्याचं सोडून बाकी काही मी मागं घेत नाही. ते लिहायला नको होतं.

बाबांचं पत्र आलं त्याच दिवशी मी डॅनी सरांकडं गेले आणि म्हटलं की चढण परत काढायची. ते म्हणाले की काम पास झालं, जाहिरात लागली, आता पाय कसला काढतेस. आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं की तुम्ही राहात्याचे, जन्मभर उसाच्या गाड्या बघितल्या, तरी तुम्हाला ती कंबर घाण वाटली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

मंगळवारी दिग्दर्शक बाई नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरवरून बैठकीला आल्या. माझी पाळी आली तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही चढण खोटी आहे, मी ती सरळ केली आहे. दुभाषी बाई माझ्याकडं बघत राहिल्या, मी म्हटलं आहे तसं सांगा. दिग्दर्शक बाईंनी तुझी मूळ फिल्म मागितली. त्या म्हणाल्या की पहिल्या कच्च्या चित्रांत वजन होतं आणि पक्क्या चित्रांत ते गेलं, हे त्यांना ऑगस्टमध्येच दिसलं होतं. विचारलं तर इथून उत्तर गेलं की कॉम्प्युटरची साफसफाई आहे. त्यांनी तुझी फिल्म तीनदा बघितली. मग विचारलं की या बाईंनी आपली चाल वापरायला लेखी हो म्हटलंय का. कुणीच तुझी सही घेतलेली नव्हती. मीही नाही. घरचंच माणूस, त्याची सही कशाला, असं मला वाटलं होतं.

सोबत तो कागद आहे, मराठीत करून घेतला आहे. तू सही केलीस तर मला महिनाअखेरपर्यंत चढण परत काढायला मिळेल, खऱ्या पायासकट. नाही केलीस तर वीस तारखेला माझी चित्रं काढून तिथं ती कॉम्प्युटरवरची मुलगीच घालतील आणि मला या सिनेमातून काढतील, डॅनी सरांनी तसं मेल करून स्पष्ट कळवलं आहे. हे तुला भीती घालायला लिहीत नाही. तू नाही म्हणालीस तर मी कुणाला दोष देणार नाही.

कंबर माझ्या जुन्या चित्रांत आहेच. पाय मी आठवून काढीन.
तुझी,
सृष्टी

*

माळेवस्ती
१० डिसेंबर

चि. सृष्टीस,
आशीर्वाद. कागद मिळाला, दोनदा वाचला. सही केलेली नाही.

आठवून काढीन म्हणतेस. काय आठवणार आहेस? घरातल्या कुणीच त्या पायाकडं नीट बघितलेलं नाही, कारण मी बघू दिलं नाही. तुझ्या कॅमेऱ्यासमोरही मी लुगडं टाचेखाली सोडलं ते जाणूनबुजून. सिनेमात जायचं तर चांगल्या पायानं जाऊ, असं मलाही वाटलं होतं. मग तू सरळ केलास म्हणून मी कुठल्या तोंडानं भांडते आहे, हे तुझं पत्र वाचल्यापासून मला टोचतं आहे. आणि त्या थोबाडीचं मागं घेऊ नकोस. तू सात वर्षांची होतीस आणि अगदी हुबेहूब चालली होतीस, म्हणूनच माझा हात उठला. वाईट चालली असतीस तर मी हसले असते.

अजून एक आहे, ते तुझ्या जपानी बाईलाही कळलेलं नाही. माझ्या डोक्यावर कडबा होता, वाळलेला. कडबा टोचतो, दाबत नाही. ओल्या उसाची मोळी मानेचा मणका न् मणका खाली बसवते. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी मान दबल्याचं सोंग केलं. सतरा वेळा केलं. तुला ते खरं वाटलं, लंकाबाईलाही वाटलं. म्हणजे आधी खोटं मी दिलं आणि त्याच्यावर तू तुझं खोटं गिरवलंस. तुझ्यावरचा राग आता दोघींत वाटायची वेळ आली, त्यामुळं तो कमी व्हायला हवा होता. उलट वाढला आहे.

आमची जुनी टोळी राहात्याकडं तोडीला उतरली आहे. सोमवारी, पंधरा तारखेला, मी भागवतला घेऊन तिथं जाते. तू कॅमेरा घेऊन ये. डॅनी सरांनाही आण, त्यांचंच गाव आहे, येऊन बघू देत. मी लुगडं गुडघ्यावर खोचून चढणार. पायात काही घालणार नाही. मोळी ओल्या उसाची, पुरी बांधलेली, आणि ट्रक खराखुरा. एकदाच चढीन. तुमचं काही चुकलं, उजेड कमी पडला, मशीन बंद पडलं, तर ते तुमचं तुम्ही बघा.

भागवत नको म्हणतो. या वयात पडलीस तर उठायची नाहीस, असं काल दिवसभर म्हणत होता. मी त्याला सांगितलं की फळी तूच लाव आणि ती धरून खाली उभा राहा, पण मी चढताना माझ्या पायाकडं बघायचं.

तुझा तो कागद मी सोबत आणते. चढून वर पोचले की तिथंच, ट्रकवर बसून सही करीन, कडूबाई वैजनाथ खाडे अशी पुरी. पडले तर माझ्या सहीची वाट बघू नकोस, भागवतची घे आणि पडलेलं काढ. सरळ मात्र करू नकोस.

सकाळी नऊच्या आत पोच, नंतर ऊन डोळ्यांवर येतं. राग अजून आहे, तो घेऊनच येते आहे.
कडूआत्या